बदलती परीक्षा आणि निर्णयाची वेळ

(येलदरी, तालुका जिंतूर येथे शिक्षक, पालक व पंचायत सदस्य यांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आजच्या मेळाव्यासाठी मला जो विषय सुचविण्यात आला तो तुमच्यापैकी अनेकांच्या घरात सध्या रोज बोलला जात असणार. मुलगा किंवा मुलगी बारावी विज्ञान शाखेत आहे. डॉक्टर व्हावयाचे आहे. परंतु वैद्यकीय प्रवेशाची परीक्षा दर एकदोन वर्षांनी बदलते. कधी तारीख बदलते, कधी प्रश्नपत्रिकेचे स्वरूप बदलते, तर कधी प्रवेशाचे नियमच बदलतात. अशा वेळी परीक्षा यंदाच द्यावी, की सर्व काही स्थिर होईपर्यंत एक वर्ष थांबावे, हा तो प्रश्न आहे.

मी शिक्षणतज्ज्ञ नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि शासनाची माहिती लोकांपर्यंत पोहोचविणे हे माझे काम आहे. तरीही या विषयावर बोलण्याचे मी मान्य केले, यास एक कारण आहे. या प्रश्नाचे उत्तर देताना मी स्वतः एकदा चुकलो आहे आणि त्या चुकीची किंमत माझ्या घरातल्याच एका मुलीने मोजली आहे. ती हकीकत मी पुढे सांगणारच आहे. तत्पूर्वी ही परीक्षा कसकशी बदलत गेली ते थोडक्यात पाहू.

बदलांचा आढावा

महाराष्ट्रात पूर्वी वैद्यकीय प्रवेश बारावीच्या गुणांवर होत असत. देशपातळीवरील परीक्षेची सुरुवात न्यायालयीन निर्णयांतून झाली. प्रदीप जैन यांच्या १९८४ मधील खटल्यापासून सर्वोच्च न्यायालयाने अखिल भारतीय कोट्याचा विचार मांडला, आणि पुढे शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के जागांसाठी १९८८ पासून केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळ अखिल भारतीय परीक्षा घेऊ लागले. उरलेल्या जागांसाठी आपल्या राज्याने पुढे स्वतःची सामाईक प्रवेश परीक्षा, म्हणजे आपण जिला सीईटी म्हणतो ती, सुरू केली.

भारतीय वैद्यक परिषदेने डिसेंबर २०१० मध्ये संपूर्ण देशासाठी एकच परीक्षा असावी अशी अधिसूचना काढली. तीच 'नीट'. ती प्रथम ५ मे २०१३ रोजी झाली. अवघ्या अडीच महिन्यांत, १८ जुलै २०१३ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द ठरविली आणि २०१४ व २०१५ या वर्षी महाराष्ट्रात पुन्हा सीईटी आली. २०१५ साली अखिल भारतीय परीक्षेत गैरप्रकार उघडकीस आल्यामुळे ती न्यायालयाने रद्द केली आणि सहा लाखांहून अधिक विद्यार्थ्यांना २५ जुलै रोजी पुन्हा परीक्षेस बसावे लागले. ११ एप्रिल २०१६ रोजी न्यायालयाने आपला २०१३ चा निर्णय मागे घेतला आणि 'नीट' परत आली.

२०१७ पासून ती मराठीसह दहा भाषांत होऊ लागली. २०१९ पासून ती घेण्याचे काम राष्ट्रीय परीक्षा संस्थेकडे गेले. २०२० मध्ये करोनाच्या साथीमुळे ३ मेची परीक्षा आधी २६ जुलैला व नंतर १३ सप्टेंबरला ढकलली गेली. २०२१ मध्ये १८० ऐवजी २०० प्रश्न देऊन त्यांतील १८० सोडवावयाचे, अशी पद्धत आली. २०२२ मध्ये वयाची कमाल मर्यादा उठविण्यात आली आणि परीक्षेची वेळ तीन तासांवरून तीन तास वीस मिनिटे झाली. २०२४ च्या परीक्षेसाठी अभ्यासक्रमातील काही भाग गाळण्यात आला. २०२५ मध्ये ऐच्छिक प्रश्न गेले. पुन्हा १८० प्रश्न आणि १८० मिनिटे असा जुना हिशेब आला. हा शेवटचा बदल जाहीर झाला तो जानेवारीत आणि परीक्षा होती ४ मे रोजी.

ही यादी मी मुद्दाम वाचून दाखविली. २०१३ ते २०२५ या तेरा वर्षांत असे एखादे वर्ष दाखविता येईल काय, की ज्याच्या आगेमागे काहीही बदल झाला नाही? 'सारे स्थिर होऊ द्या, मग परीक्षा देऊ' असे म्हणून जो २०१३ साली थांबला असता, तो आजही थांबलेलाच असता.

एका चुकीची हकीकत

आता ती हकीकत सांगतो. २०१६ साली माझी भाची जिंतूरला बारावीत होती. माझे मेव्हणे कोरडवाहू शेतकरी. मुलगी हुशार, आणि तिने सगळी तयारी सीईटीसाठी केली होती. त्या वर्षी काय घडले ते आठवून पाहा. २८ एप्रिल रोजी न्यायालयाने आदेश दिला की त्याच वर्षी 'नीट' दोन टप्प्यांत घ्यावी, पहिला टप्पा १ मे रोजी व दुसरा २४ जुलै रोजी. म्हणजे पहिल्या टप्प्याला तीन दिवस उरले होते, आणि त्यास बसणारे विद्यार्थी म्हणजे ज्यांनी अखिल भारतीय परीक्षेचे अर्ज आधीच भरले होते ते. भाचीने तो अर्ज भरला नव्हता. तिने ५ मे रोजी राज्याची सीईटी दिली. पण त्या सीईटीचे गुण ग्राह्य धरले जातील की नाही हे त्या दिवशी कोणीच सांगू शकत नव्हते.

९ मे रोजी न्यायालयाने आणखी एक आदेश दिला. जे पहिल्या टप्प्यास बसू शकले नाहीत त्यांना आणि जे बसले परंतु ज्यांना आपली तयारी अपुरी होती असे वाटते त्यांनाही दुसऱ्या टप्प्यास बसता येईल, असा तो आदेश होता. पहिल्या टप्प्यास बसलेल्यांसाठी मात्र एक अट होती. दुसरा टप्पा निवडावयाचा तर पहिल्या टप्प्यातील उमेदवारी सोडून द्यावी लागे.

भाचीचा मला फोन आला. "मामा, तुम्ही माहिती खात्यात आहात. दुसऱ्या टप्प्याचा फॉर्म भरू का?"

मी तो आदेश वाचला नव्हता. कचेरीत जे बोलले जात होते त्यावरून मी तिला सांगितले, "केंद्राचा अध्यादेश येणार आहे, राज्याची सीईटीच चालणार आहे. तू उगाच दुसऱ्या अभ्यासक्रमाच्या मागे लागू नकोस. नाहीच जमले, तर पुढच्या वर्षी सगळे नियम ठरलेले असतील, तेव्हा शांतपणे दे."

माझा अंदाज निम्मा खरा ठरला, आणि निम्मे खरे ठरलेले अंदाजच माणसाला अधिक फसवितात. २४ मे रोजी अध्यादेश निघाला. त्या एका वर्षापुरती राज्यांच्या शासकीय जागांना सवलत मिळाली आणि महाराष्ट्रात त्या जागा सीईटीच्या गुणांवर भरल्या गेल्या. खासगी महाविद्यालयांना मात्र सवलत नव्हती. तेथे 'नीट'चेच गुण लागणार होते. भाचीचे सीईटीतील गुण शासकीय जागेसाठी थोडे कमी पडले आणि 'नीट'चे गुण तिच्याजवळ नव्हतेच. तिच्याच वर्गातील एका मुलीने दुसरा टप्पा दिला होता. तिच्यापुढे निवडीसाठी निदान दोन याद्या होत्या, माझ्या भाचीपुढे एकच.

माझी चूक कोठे झाली हे नंतर तो आदेश शांतपणे वाचल्यावर ध्यानात आले. उमेदवारी सोडण्याची अट पहिला टप्पा दिलेल्यांसाठी होती. भाचीने तो दिलाच नव्हता. सोडावे असे तिच्यापाशी काहीच नव्हते. अर्जाची फी आणि दोन महिन्यांचा अभ्यास एवढाच तिचा खर्च होता. गुण कमी आले असते, तरी पुढच्या वर्षासाठी खऱ्या परीक्षेचा अनुभव गाठीशी राहिला असता. मिळण्याची शक्यता होती, गमावण्यासारखे काही नव्हते, आणि तरीही मी तिला थांबावयास सांगितले.

पुढचे वर्ष 'ठरलेल्या नियमांचे' निघाले का? नाही. २०१७ च्या परीक्षेच्या तोंडावर किती वेळा बसता येईल यावर मर्यादा घालण्याची भाषा झाली, आणि मंडळाला खुलासा करावा लागला की २०१७ हा पहिला प्रयत्न धरला जाईल. भाची त्या वर्षी लातूरला राहिली. मेव्हण्यांनी बैलजोडी विकली आणि वर कर्ज काढले. २०१७ साली तिला प्रवेश मिळाला. ती आज डॉक्टर आहे. तिने मला कधी एक शब्दानेही दोष दिला नाही. परंतु ती बैलजोडी माझ्या सल्ल्यामुळे गेली, हे मी विसरू शकलेलो नाही.

धरणातील पाणी आणि आभाळातील पाऊस

तुम्ही येलदरीचे लोक आहात. पूर्णा नदीवरील हे धरण १९६८ साली पूर्ण झाले. येथे साठलेल्या पाण्यावर पायथ्याशी वीज निर्माण होते, तेच पाणी खाली सिद्धेश्वर धरणात जाते आणि तेथून कालव्यांनी शेतांना मिळते. कालव्याला आवर्तन केव्हा सोडावयाचे याचा निर्णय कसा होतो, हे तुम्हांस माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे. पाऊस कधी पडेल याचे आडाखे सगळेच बांधतात. परंतु आवर्तन ठरते ते धरणात आज मोजून किती पाणी आहे त्यावर.

परीक्षेचेही तसेच आहे. परीक्षेत पुढे काय बदल होतील हा आभाळातला पाऊस आहे. मुलाची तयारी, घरची आर्थिक स्थिती आणि मुलाचे स्वतःचे मन हे धरणातले पाणी आहे. ते मोजता येते. निर्णय त्यावर घ्यावा.

आणि एक गोष्ट ध्यानात घ्या. इतके बदल होऊनही काही बाबी हललेल्या नाहीत. २०१३ मध्ये परीक्षा ७२० गुणांची होती, २०२५ मध्येही ती ७२० गुणांचीच होती. बरोबर उत्तरास चार गुण आणि चुकीच्या उत्तरास एक गुण वजा, हा नियम तोच राहिला. निम्मे म्हणजे ३६० गुण जीवशास्त्राचे आणि प्रत्येकी १८० गुण भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे, ही वाटणीही तीच राहिली. अकरावी-बारावीच्या पुस्तकांतील मुख्य भाग तोच राहिला. दोनशे प्रश्नांच्या काळात ज्याला पेशीविभाजन समजले होते, त्याला ते एकशे ऐंशी प्रश्नांच्या काळातही समजलेलेच होते.

बदल सर्वांना लागू की फक्त आपल्याला?

काही पालक म्हणतात, "पेपर अवघड निघाला तर आमच्या मुलाचे काय?" येथे एक समजुतीचा घोटाळा आहे. प्रवेश मिळतो तो गुणवत्ताक्रमावर. पेपर अवघड निघाला तर तो सगळ्यांनाच अवघड निघतो. २०२४ मध्ये खुल्या प्रवर्गाची पात्रता सुधारित निकालानुसार १६२ गुणांवर होती. २०२५ मध्ये ती १४४ वर आली. २०२४ मध्ये अनेकांना पैकीच्या पैकी ७२० गुण मिळाले होते, तर २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. म्हणून मागील वर्षी अमुक गुणांना अमुक महाविद्यालय मिळाले, एवढ्यावरून यंदाचे गणित मांडू नये. बदलाची भीती वाटते म्हणून थांबण्यात अर्थ नाही, कारण तो बदल शेजारच्या बाकावरील विद्यार्थ्यालाही तितकाच लागू आहे.

मात्र काही बदल सर्वांवर सारखे पडत नाहीत, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. २०१६ मध्ये राज्याच्या अभ्यासक्रमावरून केंद्राच्या अभ्यासक्रमाकडे एकाएकी वळणे हे आपल्या राज्यातील मुलांना जड गेले. २०१८ च्या जुलै महिन्यात घोषणा झाली, की पुढील वर्षापासून परीक्षा संगणकावर आणि वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत व मे महिन्यात होईल. संगणकावरील परीक्षेत ग्रामीण मुले मागे पडतील आणि दोनदा परीक्षा दिल्याने त्यांच्यावरील ताण वाढेल, अशी हरकत केंद्रीय आरोग्य मंत्रालयानेच घेतली. ऑगस्टमध्ये तो विचार मागे पडला आणि २०१९ ची परीक्षा पूर्वीप्रमाणे एकदाच, कागदावर झाली. ज्यांनी जुलैतील बातमी वाचून फेब्रुवारीचे वेळापत्रक आखले, त्यांना ते महिनाभरात मोडावे लागले.

यातून दोन गोष्टी घ्यावयाच्या. घोषणा आणि अधिसूचना यांत अंतर असते. वेळापत्रक अधिसूचनेवरून आखावे. आणि एखादा बदल केवळ आपल्या भागातील मुलांना अन्यायकारक ठरत असेल, तर त्यावरचा उपाय एकेकट्या मुलाने वर्ष वाया घालविणे हा नाही. ते गाऱ्हाणे शिक्षकांनी, पंचायतींनी आणि लोकप्रतिनिधींनी योग्य ठिकाणी मांडावे. २०१८ मध्ये ग्रामीण मुलांची बाजू मांडली गेली व ती ऐकली गेली, हे आपल्यासमोर आहे.

निवड करताना काय सोडतो आहोत?

कधी कधी खरोखरच निवड करावी लागते. २०२४ मध्ये वेळ वाया गेल्याच्या कारणावरून १५६३ विद्यार्थ्यांना दिलेले वाढीव गुण रद्द झाले आणि त्यांना दोन पर्याय मिळाले. २३ जून रोजी पुन्हा परीक्षा द्यावी, अथवा वाढीव गुण वजा करून मूळ गुणांवर समाधान मानावे. त्यांपैकी ८१३ जणांनी पुन्हा परीक्षा दिली, उरलेल्यांनी दिली नाही. कोणाचे बरोबर, हे बाहेरून सांगता येणार नाही. ज्याचे मूळ गुण पुरेसे होते त्याने न देणे योग्य. ज्याला मूळ गुणांवर काहीच मिळणार नव्हते त्याने देणे योग्य. दोघांनीही विचारावयाचा प्रश्न एकच होता, की या निवडीत मी हातचे काय सोडतो आहे? हा प्रश्न मी २०१६ मध्ये विचारला नाही. तुम्ही तो विचारल्याशिवाय राहू नका.

पुन्हा एक वर्ष द्यावे काय?

आता सर्वांत अवघड भागाकडे वळतो. पात्र झाल्यावर पहिली संधी सोडू नये, याबद्दल माझ्या मनात संदेह नाही. प्रवेशाच्या वर्षी ३१ डिसेंबरपर्यंत वयाची १७ वर्षे पूर्ण होत असतील आणि विषय योग्य असतील, तर परीक्षा द्यावी. पण पहिल्या वेळी प्रवेश मिळाला नाही, तर? आता कमाल वयाची मर्यादा नाही आणि किती वेळा बसावे यावरही बंधन नाही. नियम मोकळा असला म्हणजे मर्यादा घालण्याची जबाबदारी घरावर येते.

माझी सूचना अशी, की पुन्हा प्रयत्न करावयाचा की नाही याच्या अटी निकालापूर्वीच, घरात शांतपणे बसून, कागदावर लिहून ठेवाव्यात. निकालाच्या दिवशी घेतलेला निर्णय दुःखाचा असतो किंवा अहंकाराचा असतो. त्या कागदावर चार गोष्टी असाव्यात. पहिली, सराव परीक्षांतील गुण महिन्यागणिक वाढत आहेत काय? वाढ चालू असताना परीक्षेची तारीख आली असेल, तर एक वर्ष उपयोगी पडते. वाढ सहा महिन्यांपासून थांबलेली असेल, तर केवळ वर्ष वाढवून ती सुरू होत नाही. दुसरी, पैसा कोठून येणार? त्यासाठी जमीन किंवा जनावर विकावे लागणार असेल तर तसे स्पष्ट लिहावे आणि मग विचार करावा. तिसरी, मुलाची स्वतःची इच्छा आहे काय? वडिलांचा शब्द मोडवत नाही म्हणून बसलेला मुलगा वर्षभर पुस्तकासमोर असतो, अभ्यासात नसतो. चौथी, मुलगी असेल तर घरात तिच्या लग्नाचा विषय त्या वर्षी निघणार नाही, अशी हमी तिला मिळाली आहे काय? आपल्या भागात मुलाच्या वाट्याला सहज येणारे दुसरे वर्ष मुलीच्या वाट्याला येत नाही. म्हणून तिच्या बाबतीत पहिली संधी सोडणे दुप्पट महाग पडते.

पर्यायी मार्गही त्याच वर्षी उघडा ठेवावा. राज्याची सीईटी आज वैद्यकीय प्रवेशासाठी नसली तरी कृषी व औषधनिर्माण या अभ्यासक्रमांसाठी आहे, आणि ती भौतिक, रसायन व जीवशास्त्र या विषयांतही देता येते. तिच्यात चुकीच्या उत्तराला गुण वजा होत नाहीत. १९७२ पासूनचे कृषी विद्यापीठ आपल्या परभणीतच आहे. दुसरी वाट धरली म्हणजे पहिलीचा अपमान झाला, असे मानण्याचे कारण नाही.

आणि एक विनंती. मूल गप्प झाले, जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, तर अभ्यासाचे नंतर पाहू, आधी त्याच्याजवळ बसा. मनाच्या ताणासाठी शासनाची टेलि-मानस ही विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे. तो क्रमांक शाळेच्या फलकावर लिहून ठेवावा.

आपण सर्वांनी करावयाचे काम

शिक्षकांनी व ग्रामपंचायतीने मिळून एवढे अवश्य करावे. राष्ट्रीय परीक्षा संस्थेची माहिती पुस्तिका निघाली, की ती पूर्ण वाचून तिच्यातील तारखा पंचायतीच्या फलकावर मराठीत लावाव्यात. सर्वांना ठाऊक असते की परीक्षेचा अर्ज भरावयाचा असतो. पुष्कळांना हे ठाऊक नसते, की निकालानंतर राज्यातील ८५ टक्के शासकीय जागांसाठी राज्य सीईटी कक्षाकडे आणि १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी वैद्यकीय समुपदेशन समितीकडे वेगवेगळी नोंदणी करावी लागते. गुण असूनही नोंदणीअभावी संधी हुकावी, यासारखे दुर्दैव नाही.

कागदपत्रांचेही तसेच. अधिवास प्रमाणपत्र, जात प्रमाणपत्र, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रिमिलेअर दाखला, दहावीच्या गुणपत्रिकेवरील नाव आणि आधारवरील नाव यांचा मेळ, ही कामे अकरावीतच सुरू करावीत. परीक्षेचे स्वरूप बदलणे आपल्या हाती नाही. दाखला वेळेवर काढणे व देणे हे आपल्या हाती आहे. येथे उपस्थित महसूल कर्मचाऱ्यांनी या अर्जांना प्राधान्य द्यावे, अशी माझी त्यांना विनंती आहे.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या भागाच्या दृष्टीने मोठे आहे. मराठवाड्यात पहिले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय १९५६ साली औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला झाले. पुढे अंबाजोगाई, नांदेड व लातूर येथे महाविद्यालये झाली. परभणीला ते येण्यास २०२३ साल उजाडले आणि हिंगोलीला २०२४. २०२० मध्ये प्रादेशिक सत्तर-तीसचे सूत्र रद्द झाल्यापासून राज्यातील सर्व शासकीय महाविद्यालयांच्या जागा मराठवाड्यातील मुलांना समान गुणवत्तेवर खुल्या आहेत. त्याचबरोबर आपल्या दारातील जागांसाठीही आता सर्व राज्यातील मुले आहेत. दार उघडले आहे, पण ते आपल्यासाठी कोणी धरून ठेवणार नाही. येथल्या वाडीवस्तीवर उद्या जो डॉक्टर येईल तो याच तालुक्यातला असावा, असे वाटत असेल, तर येथली मुले परीक्षेच्या दिवशी परीक्षेच्या दालनात असली पाहिजेत.

शेवटी एवढेच सांगतो. उद्या एखादे मूल तुमच्याकडे येईल आणि विचारील, "सर, यंदा देऊ की थांबू?" तेव्हा मी दिले तसे उत्तर फोनवरून देऊ नका. त्याला बसवून घ्या. आदेश काय आहे तो त्याच्यासह वाचा. त्याच्यापाशी काय आहे आणि तो काय सोडणार आहे, ते मोजा. मग त्याला सांगा, आणि शक्य असेल तर अर्ज भरावयास त्याच्याबरोबर जा.